उमरेडला दिलेली साफ पत्रिका

विसाव्या वर्षापर्यंत माझी पक्की समजूत होती की नाका ओलांडला की नागपूर संपतं, आणि त्याबरोबर जगही. पुढे एकदम मुंबई. मुंबई मी पाहिली नव्हती, पण ती पाहण्याच्या लायकीची असावी असं माझं मत होतं. कळमेश्वर, सावनेर, उमरेड ही नावं मला एस.टी.च्या पाट्यांवरून माहीत होती. तिथंही माणसं राहतात, सकाळी चहा पितात, भांडतात, सिनेमा पाहतात असं कोणी सांगितलं असतं तर मी मान हलवली असती, पण मनातून मानलं नसतं. घरात आई, बाबा, मोठी बहीण सुमन आणि मी. चौघांत कॉलेजात जाणारा मी एकटा. त्यामुळे घरातल्या शहाणपणाचा मक्ता आपल्याकडे आहे, असं मीच ठरवून टाकलं होतं. बाकीच्या तिघांनी हरकत घेतली नाही. त्यांना कामं होती.

आम्ही पिढीजात विणकर. नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहायला येताना बाबांनी माग मोडला आणि एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली. माग गेला तरी त्याची लय बाबांच्या अंगातून गेली नव्हती. जेवायला बसले की त्यांचे पाय आपोआप खालीवर व्हायचे, आणि आई म्हणायची, "पुरे झालं विणणं, वरण सांडन." आईचं माहेर उमरेडचं. तिचा एकुलता एक भाऊ, आमचा नामदेवमामा, अजून खड्ड्याच्या मागावर बसून लुगडी विणत होता. पण आमच्या घरी मामाचं नाव निघत नसे. आजी वारली तेव्हा आई उमरेडला पोचायच्या आधीच सगळे स्मशानातून परत आले होते. माय गेली आणि भावानं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही, म्हणून आई दारातूनच माघारी फिरली ती अकरा वर्षं गेली नाही. मामाही आला नाही. बाबा मऊ माणूस. ते एवढंच म्हणत, "तुझं माहेर आहे, तुझं तू पाह्य."

मग सुमनचं लग्न ठरलं आणि सगळा मामला मामापाशी येऊन अडला. आमच्यात नवरीला पिवळी साडी मामाची लागते. ती नेसूनच ती बोहल्यावर चढते, आणि तिला मांडवात आणतोही मामाच. मामा नसला तर कोणी चुलतमामा, मानलेला मामा उभा करतात. लग्न काही थांबत नाही. पण मांडवातल्या शंभर बायका नवरीऐवजी नवरीच्या आईकडे पाहत राहतात.  पत्रिका वाटायची नावं ठरत होती तेव्हा आईनं पहिलं नाव उमरेडचं सांगितलं आणि लगेच उठून, गरज नसताना, चुलीवरचं भांडं हलवून आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. सुमन खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तिनं निवडलेल्यातलाच मूठभर पुन्हा सुपात टाकलेला मी पाहिला.

पत्रिकेचा मजकूर माझा होता. 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द मी छापखान्यात उभा राहून मोठ्या टाइपात लावून घेतले होते. पत्रिका घरी आल्या तशी आई एका दुपारी वाटीत कुंकू कालवून बसली. एकेक पत्रिका घ्यायची, वरच्या कोपऱ्यात कुंकवाची बोटं उमटवायची आणि बाजूला ठेवायची. कुठे चार बोटं, कुठे दोन, कुठे एकच. मी खाटेवर पडून पाहत होतो. मला वाटलं, म्हातारी थकली, पहिल्या पहिल्या पत्रिकांना चार बोटं लावली आणि मग कंटाळा आला. (म्हातारी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. आज मी सत्तरीकडे झुकलोय आणि मला कोणी म्हातारा म्हटलेलं खपत नाही.) तिनं तीन ढीग केले, ढिगाप्रमाणे मला नावं सांगितली आणि म्हणाली, "लिही पत्रिकेवर."

आता इथे माझं शिक्षण आडवं आलं. त्या वर्षी आम्हाला व्यवस्थापन असा एक पेपर होता. मी नावं पत्रिकांवर न लिहिता आधी कागदावर उतरवून घेतली. आई स्वयंपाकाला उठल्यावर तिचे तिन्ही ढीग एकत्र केले आणि रस्त्याप्रमाणे नवे गठ्ठे लावले. कळमेश्वरचा एक, सावनेरचा एक, उमरेडचा एक. हे करताना लक्षात आलं की काही पत्रिका कुंकवानं बरबटलेल्या आहेत आणि काही बऱ्यापैकी साफ. मग काय विचारता! मानाच्या माणसाला साफ पत्रिका, ऐऱ्यागैऱ्याला बरबटलेली, असा नियम मी केला. सगळ्यात मानाचा माणूस मामा. सगळ्या गठ्ठ्यांतून शोधून, उजेडात धरून, एकच इवलंसं बोट असलेली, डागबिग नसलेली पत्रिका मी मामासाठी निवडली आणि तिच्यावर माझ्या उत्तम अक्षरात 'श्री. नामदेवराव' असं लिहिलं. नुसतं नामदेव नाही, नामदेवराव. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

एका मित्राची मोपेड आठवडाभरासाठी मिळाली होती. मे महिन्याचं ऊन. आईनं डोक्याला दुपट्टा बांधायला सांगितला. तो मी गल्लीच्या टोकाला सोडून डिक्कीत टाकला, कारण दुपट्ट्यावर गॉगल शोभत नव्हता. तिनं खिशात कांदा टाकला होता, ऊन बाधू नये म्हणून. कळमेश्वर येईपर्यंत गरमीनं माझे डोळे तांबारले आणि खिशाला कांद्याचा असा वास सुटला की चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "भाजी बाजारातून येऊन राह्यले काय, भाऊ?" मी नागपुराहून आलो असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी तं रोजच जातो." माझी पहिली हवा तिथं गेली. दुसरी गेली ती टॉकीजसमोर. जो सिनेमा मी आदल्या आठवड्यात सीताबर्डीवर रांग लावून पाहिला होता, त्याच्या पोस्टरवर तिथं धूळ बसली होती. तिथल्या लोकांनी तो माझ्याआधी पाहून टाकला होता.

कळमेश्वरला माझी आत्या. तिचं घर कारखान्यांच्या रस्त्याला. गावाचं सगळं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा वाजला की भात चढणार, भोंगा वाजला की पोरं उठणार. आत्यानं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता, इतका तिखट की मला दरदरून घाम फुटला आणि तिच्या घरातली सहा वर्षांची पोरगी तो रस्सा पोळी बुडवून शांतपणे खात माझ्याकडे बघत होती. जेवण झाल्यावर आत्यानं पत्रिका हातात घेतली, कोपरा पाहिला, नवऱ्याकडे दिली. त्यानंही कोपरा पाहिला. "दोन," तो म्हणाला. "बरं," आत्या म्हणाली, "वहिनीची मर्जी." मी समजलो, छपाईबद्दल बोलतात. म्हटलं, "मजकूर मी लिहिला आहे." आत्यानं माझ्या पानात आणखी एक पोळी टाकली.

सावनेरनं मात्र माझं मन जिंकलं, आणि त्यात सावनेरपेक्षा माझीच चूक जास्त. रस्त्याच्या एका अंगाला जिनिंगचं आवार, तिथल्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. दुसऱ्या अंगानं खाणीच्या गाड्या जात, कोळशाची भुकटी उडत. अर्ध्या तासात माझा सदरा वर पांढरा आणि खाली काळा झाला. तिथं डोमाजीकाका राहायचे, बाबांचे फार जुने शेजारी, आता खाणीत कामाला. नात्याचे नाहीत, गोत्याचे नाहीत; बाबांच्या आग्रहाखातर नाव यादीत घातलेलं. म्हणून त्यांच्यासाठी मी सगळ्यात बरबटलेली पत्रिका काढली होती. त्यांनी ती घेतली, कोपरा पाहिला आणि उभेच राहिले. "चार?" म्हणाले. मग बायकोला हाक मारली, "अवं, बाहेर ये वं, चार आहे!" ती हात पुसत आली, तिनं पत्रिका कपाळाला लावली. शेजारच्या घरातून त्यांचा भाऊ आला, त्याची बायको आली. काकांच्या डोळ्यात पाणी होतं. "तुझ्या बापानं आमची इतकी आठवण ठेवली, बापा," असं म्हणत त्यांनी माझा हात धरून ठेवला. मी म्हटलं, असू द्या, असू द्या. मला खरोखर वाटलं की हा माझ्या बोलण्याचालण्याचा परिणाम आहे. त्यांनी मला कोथिंबिरीची सांभारवडी खायला घातली, वर मठ्ठा दिला, खाटेवर झोपवलं. संध्याकाळी नदीकडं फिरवून आणलं. गावातली प्रत्येक व्यक्ती त्यांना थांबवून विचारायची की हा पोट्टा कोणाचा, आणि ते प्रत्येकाला माझ्या आजोबांपासून सांगायचे. नागपुरात माझ्या गल्लीबाहेर मला कुत्रं ओळखत नव्हतं. परत येताना मी ठरवलं की लहान गावांत माणसाची कदर असते.

ही कदर डोक्यात घेऊनच मी उमरेडला गेलो. त्या गल्लीत शिरताना आधी आवाज येतो, मग घरं दिसतात. दोन्ही अंगांनी खटक-खट, खटक-खट. मामा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता, कमरेपासून वरचाच दिसत होता. अकरा वर्षांत मी त्याला विसरलो होतो, पण तो वळला तेव्हा आईच वळल्यासारखं झालं. मागावर पिवळं कापड होतं, काठ लाल. मला वाटलं, असेल कोणाची ऑर्डर. मामानं धोटा बाजूला ठेवला, हात धुतले, दोन्ही हातांनी पत्रिका घेतली. मामी दारात उभी राहून पाहत होती. मामानं कोपऱ्याकडे पाहिलं. 

"नाव कोनं लिहिलं?"

"मी."

"अन् कुंकू?"

"आईनं," मी म्हणालो, आणि तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! "तुमची पत्रिका तर खास वेगळी काढली. बघा, किती साफ."

"साफ आहे," मामा म्हणाला. "तिनंच लावलं म्हंजे बरोबरच असन." मामी आत निघून गेली. मला पाणी मिळालं, चहा मिळाला, वीस मिनिटांत मी रस्त्यावर होतो. पाचगावपर्यंत मी स्वतःशी पुटपुटत होतो, की सावनेरच्या परक्या माणसानं डोळ्यात पाणी आणलं आणि सख्ख्या मामाला साधा चिवडा देववला नाही.

घरी आई दारातच होती. "काय म्हटलं?"

"पत्रिका आवडली त्यांना."

"येतो म्हटलं?"

"येतीलच की." एवढं खोटं चालतं, असं मला वाटलं. आईनं त्या दिवशी कोणाला न विचारता गोळाभात केला, वर तेलाची फोडणी ओतली आणि मला तीनदा वाढलं. सुमननं विचारलं, "मामा दिसते कसा?" मी म्हटलं, "आईसारखा." आई स्वयंपाकघरात होती, पण तिथली भांडी एकदम वाजायची थांबली.

चौथ्या दिवशी सकाळी डोमाजीकाका स्वतः सावनेरहून आले, हातात वांग्यांची पिशवी. बाबा कामावर गेले होते. काका आईला म्हणाले, "वहिनी, मोजून सांगाले आलो. एकोनीस जनं येऊन राह्यलो. भाऊ, त्याचे पोट्टे, म्हातारी, सगळे. चूल बंद करूनच निघतो." आई हसली, चहा ठेवला, वांगी घेतली, सुनांची चौकशी केली, त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून आली. आत आल्यावर मात्र तिनं दार लोटलं.

"डोमाजीच्या पत्रिकेवर किती बोटं होती?"

"चार," मी म्हणालो. "बरबटलेलीच होती, म्हणून त्यांना दिली."

"कळमेश्वरले?"

"दोन असतील."

"अन् उमरेडले?"

"उमरेडला एकदम साफ," मी छाती फुगवून सांगितलं. "एकच."

आई खाली बसली. जमिनीवर, आहे तिथंच. सुमननं कपाळावर हात मारून घेतला, आणि तेव्हा कुठे मला कळलं, तेही सुमनकडून, की आमच्या लोकांत ज्यांना अक्षर येत नाही ते पत्रिका बोटांवर वाचतात. एक बोट म्हणजे घरटी एका माणसानं यावं. दोन म्हणजे नवराबायको. चार म्हणजे चूलबंद आवतन: घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. 'सहकुटुंब, सहपरिवार' हे माझे मोठ्या टाइपातले शब्द कोणी वाचले नव्हते. आणि बहिणीनं अकरा वर्षांनी सख्ख्या भावाला कळवलं होतं की तुमच्यापैकी एक जण या.

"तुले मालूम नव्हतं, तं विचारलं काहून नाही?" सुमन ओरडली.  विचारायचं असतं हेच मला मालूम नव्हतं. विसाव्या वर्षापर्यंत घरात राहून, घरातल्या प्रत्येक लग्नात जेवून, आई कुंकवानं काय लिहिते ते मी कधी पाहिलंच नाही. आई रागावली असती, लाटणं फेकलं असतं, तर बरं झालं असतं. ती रडत होती, आणि आवाज येत नव्हता. मला इतकी लाज वाटली की आज हे लिहितानाही कान गरम झाले. पोस्टानं दुसरी पत्रिका पाठवू, असा एक इलाज मी सुचवला. सुमननं तो ऐकूनही घेतला नाही.

मग आई उठली, तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसली, वाटीत कुंकू घेतलं आणि म्हणाली, "गाडी काढ."

त्या मोपेडवर दोघांनी उमरेडला जाणं म्हणजे काय, हे आजच्या चौपदरी रस्त्यानं तासाभरात पोचणाऱ्यांना सांगून कळायचं नाही. प्रत्येक चढाला आई उतरून चालायची आणि मी पायडल मारत तिच्यामागून यायचो. एका चढाला ती माझ्या पुढे निघून गेली आणि वर झाडाखाली माझी वाट पाहत बसली. एका हातानं माझा सदरा, दुसऱ्या हातानं कुंकवाची वाटी, असं ती वाटभर धरून होती. डोक्याला दुपट्टा या वेळी मी गुपचूप बांधला.  पाचगावाजवळ तिनं मला थांबवलं. "अठीच," ती म्हणाली. "मायची खबर आली तशी मी निघाली होती. बस अठी बंद पडली. दुसरी येईपर्यंत मी या दगडावर बसली होती." एवढंच. मी चार दिवसांपूर्वी त्या दगडासमोरून दोनदा गेलो होतो, एकदा गुणगुणत, एकदा पुटपुटत.

गल्लीत शिरलो तेव्हा दोन्ही अंगांचे माग चालू होते आणि मामाचा बंद होता. मामा ओट्यावर बसला होता. त्यानं आईला पाहिलं आणि उभा राहिला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आईही पायरीशी उभी. मला वाटलं, आता ही पुन्हा दारातून परत फिरते. मी म्हणालो, "मामा, चूक माझी आहे," आणि पुढे साफ पत्रिका, ढीग, व्यवस्थापन असं बरंच काही बोललो. दोघांनीही ऐकलं नाही. आई पायरी चढली, मामाच्या बाजूनं आत गेली, सरळ स्वयंपाकघरात. मामीची चूल पेटलेली होती, वर भाजी होती. आईनं वाकून चुलीच्या अंगाला कुंकवाची चार बोटं ओढली आणि म्हणाली, "वहिनी, हे आवतन. माझ्या घरी ही पेटली नाही पाहिजे."

मामी रडायलाच लागली. आई बाहेर आली तेव्हा तिचं लक्ष मागाकडे गेलं. मागावर जुनं धोतर पांघरलं होतं. तिनं ते उचललं. खाली पिवळं कापड, लाल काठाचं, अर्ध्याहून थोडं जास्त झालेलं. मी आलो होतो त्या दिवशी जिथवर होतं, तिथंच थांबलेलं.

"थांबवलं काहून?" आईनं विचारलं.

"सोयरीक कळली तवाच लावलं होतं," मामा म्हणाला. "मंग तुझी पत्रिका आली. एका मानसाचं आवतन. साडी घरचा मानूस आनते, वं. पाहुना पाकीट आनते."

आई तिथंच मागाच्या कडेवर बसली. म्हणाली, "मायच्या वेळी काहून नाही थांबला?"

"थांबलो होतो. सकाळपासून थांबलो. ऊन कललं, तुझा पत्ता नाही. सगळे म्हनत होते, आता नाही येत ते. उन्हाळ्याचे दिवस, किती ठेवता..." मामानं मागावरचं एक सूत सारखं केलं. "मी म्हटलं होतं, अजून जरा थांबा."

"दिवे लागल्यावरच पोचली मी. बस बंद पडली होती."

"मले कोनं सांगतलं?"

"तू विचारलं?"

"तू दारात थांबली काय?"

मग दोघंही रडले. मोठ्यानं, लहान पोरांसारखे, आणि रडता रडता भांडलेही, की कोणी आधी यायला पाहिजे होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. बस बंद पडली, एवढ्या तीन शब्दांसाठी अकरा वर्षं गेली होती, आणि मधलं अंतर माझ्या मोपेडनं सकाळी निघून दुपारी कापता आलं असतं. शेवटी मामानं डोळे पुसले आणि खड्ड्यात उतरला. "किती दिवस आहे लग्नाले?" विचारलं. आई म्हणाली, "आठ." तो म्हणाला, "होते." धोटा फेकला. आईनं बाजूला बसून कांडी भरायला घेतली, जशी ती लग्नाआधी भरत असणार. मला म्हणाली, "तू जाय. मी दोन दिवसांनी येतो. तुझ्या बापाले सांग, सांजचं सुमन करन."

लग्नाच्या दिवशी मांडवात जागा नव्हती. डोमाजीकाकांचे एकोणीस, मामाकडचे चौदा. कळमेश्वरला बाबा स्वतः जाऊन आले, तर आत्यानं त्यांच्याशी दहा मिनिटं अबोला धरला आणि मग सगळं घर घेऊन आली. पोळ्या दोनदा कमी पडल्या. डोमाजीकाका आणि त्यांचा भाऊ सदरा काढून आचाऱ्याच्या मदतीला बसले, त्यांच्या बायका कणीक तिंबायला. आलेला एकही माणूस जास्तीचा नव्हता, असं बाबा नंतर कितीतरी वर्षं सांगायचे. सुमन मामाच्या पिवळ्या साडीत उभी राहिली. मामानं तिला मांडवात आणलं तेव्हा शंभर बायकांनी आईकडे पाहिलं, आणि आईनं त्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहून घेतलं.

पंगतीत मी वरण वाढत होतो. माझी ती बोटांची हकीकत तोवर नातेवाइकांत फुटली होती. कळमेश्वरची आत्या मोठ्यानं आईला म्हणाली, "काहून वं, उमरेडले एकच बोट पाठवलं होतं म्हनते? या शहाण्यानं गडबड केली म्हनते?" सगळी पंगत माझ्याकडे वळली. मी वरणाचं भांडं घेऊन तसाच उभा राहिलो. आता पुढची चाळीस वर्षं प्रत्येक लग्नात हे ऐकावं लागणार, हे मला दिसत होतं.

आई वाढता वाढता थांबलीसुद्धा नाही. "गडबड कशाची?" ती म्हणाली. "मीच लावलं होतं एक. माहेरचं आवतन का दुसऱ्याच्या हातानं धाडायचं असते? ते मी सोता जाऊन दिलं. पोट्ट्याले फक्त पुढं पाठवलं होतं, खबर द्याले. विचार नामदेवले."

मामानं तोंडातला घास गिळला. माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाला, "मले सांगतलं होतं यानं, का माय मागून येऊन राह्यली म्हनून."

पंगत पुन्हा जेवायला लागली. आईनं माझ्या हातातलं भांडं जरा सरळ केलं, वरण सांडत होतं म्हणून, आणि पुढच्या पानाकडे गेली. मला एकदम रडू फुटलं, थांबवता येईना. आत्या म्हणाली, "जाऊ दे गा, बहिणीसाठी जीव तुटते पोराचा." सगळ्यांनी हळहळ केली. मी तसंच समजू दिलं.